न पेटणारा माल

शेवटचं अक्षर ओलं असतानाच पेंटर चार पावलं मागं सरला आणि कमरेवर हात ठेवून भिंतीकडं बघत राहिला. वर लाल रंगात हातभर उंचीची इंग्रजी अक्षरं: इनफ्लेमेबल. खाली काळ्या रंगात, हमालांना कळावं म्हणून, आपल्या भाषेतली ओळ: न पेटणारा माल.

"जमलं की!" तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला तिथं कोणी नव्हतं, तरी म्हणाला.

तसं कारणच होतं. एकतीस वर्षं तो पाट्या रंगवत होता, पण इंग्रजी शब्द बायकोला विचारल्याशिवाय त्यानं कधी भिंतीवर चढवला नव्हता. ती घरीच पुढच्या खोलीत मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. हा कागदाच्या चिटोऱ्यावर शब्द लिहून दारातून आत धरायचा, ती मुलांना थांबवून बघायची, एखादं अक्षर खोडायची, वर आणि म्हणायची, "पेंटर, आज पासष्ट मार्क." मुलं खिदळायची. ती जाऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत त्यानं इंग्रजीचं एकही काम घेतलं नव्हतं. कोणी आलं की सांगायचा, "इंग्रजी बंद केलंय."

गोदाममास्तरांनी मात्र त्याला सोडलं नाही. ते नोकरीवर नवे होते, चारच दिवस झालेले. वरच्या ऑफिसातून चिठ्ठी आली होती: नव्या शेडच्या भिंतीवर हा शब्द लिहा आणि खाली कामगारांच्या भाषेत अर्थ लिहा. मास्तरांनी चिठ्ठी पेंटरच्या हातात दिली. "शब्द हा असा. अर्थ तुम्हीच लिहा. माझं इंग्रजी दहावीतच वारलं."

पेंटरनं रात्रभर डोकं चालवलं. फ्लेमेबल त्याला माहीत होतं, पेट्रोलच्या गाड्यांवर असतं, पेटणारं. आता त्याला पुढं इन लागलेला. इन लागला की उलटं, हे तर मुलांनी घोकलेलं ऐकून ऐकून त्याला पाठ होतं. करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. कम्प्लीट म्हणजे पुरं, इनकम्प्लीट म्हणजे अर्धवट. हॅपीला अन, ऑनेस्टला डिस, आणि सगळ्यांचं उलटं. मग पेटणाऱ्याचं उलटं काय? न पेटणारा. कोणालाही न विचारता, स्वतःच्या डोक्यानं काढलेला हा त्याचा पहिला शब्द. त्याला इतका आनंद झाला की ब्रश धुताना तो शीळ घालत होता.

तेवढ्यात व्याही आला. पेंटरच्या मुलीचा सासरा, धंद्यानं वेल्डर. शेडमध्ये लोखंडी मांडणी बसवायचं काम पेंटरनंच त्याला मिळवून दिलं होतं.

"काय व्याहीबुवा, भिंत रंगवली की स्वतःला? कानापर्यंत लाल झालाय."

"तुम्हाला काय कळणार रंगातलं. तुमचं सगळं आयुष्य काळ्या काचेमागं."

वेल्डर हसला. मग मागं रचलेल्या पिंपांकडं त्यानं बोट केलं. पिंपं सीलबंद होती, वर नुसते आकडे. "यात काय आहे हो? उद्या सकाळी अंगणात लोखंड कापीन, मग अकराला मला इथंच जोडायचंय."

"भिंत वाचा की."

वेल्डरनं वाचलं. "न पेटणारा. बरं झालं. तुम्ही लिहिलंय ना? मग निर्धास्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर एका टँकरपाशी शिडी लावून उभा होता. टँकर एक बाई चालवायच्या. चाळिशीच्या, आवाज हॉर्नसारखा, सगळे त्यांना टँकरताई म्हणायचे. रंगवायला आणायचा म्हणून टँकर परवाच रिकामा करून आतून वाफेनं धुतला होता. जुनी अक्षरं पुसट झाली होती, तीच पुन्हा गिरवायची. डाव्या बाजूचं फ्लेमेबल अर्धं गिरवून पेंटर सहज उजवीकडं डोकावला आणि हसतच परत शिडीवर चढला.

"ताई, तुमच्या टँकरमध्ये भांडण लागलंय. डावीकडं लिहिलंय पेटतो, उजवीकडं लिहिलंय पेटत नाही. एकदा काय ते ठरवा."

टँकरताई पायरीवर बसून चहा पीत होत्या. "उजवीकडं काय लिहिलंय?"

"इनफ्लेमेबल. इन लागला की उलटं. इनकरेक्ट, इनकम्प्लीट, तसंच." पेंटर शाळामास्तरासारखा बोट वर करून सांगत होता.

ताईंना ठसका लागला. चहा नाकातून येता येता राहिला. "म्हणजे माझा टँकर डावीकडून पेटतो आणि उजवीकडून पेटत नाही? मग मी उजव्या बाजूला चूल मांडते!"

"हसू नका. नियम आहे तो."

"अहो, कसला नियम! धोक्याच्या मालाचा परवाना काढताना तीन दिवस वर्गात बसवलं होतं आम्हाला. पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगितली. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. पेटतो! हा इन नाहीवाला नाही, आतवाला आहे. आग आत घेणारा. लोकांची फसगत होते म्हणून आता बरेच जण नुसतं फ्लेमेबल लिहितात. माझ्या टँकरवर दोन पेंटरांनी दोन वेळी रंगवलंय, एवढंच."

पेंटरच्या हातातला ब्रश तसाच राहिला. लाल रंगाचा थेंब त्याच्या बुटावर पडला, मग दुसरा पडला.

"ताई," तो म्हणाला, "किती वाजले?"

"दहा वीस. का?"

"माझा व्याही मरतोय."

शिडीवरून तो उतरला की पडला हे त्यालाही कळलं नाही. त्यानं वेल्डरला फोन लावला. रिंग वाजत राहिली. लोखंड कापायच्या मशीनच्या आवाजात त्याला फोन कधीच ऐकू यायचा नाही. मास्तरांना लावला, त्यांचा फोन दुसऱ्या कॉलवर. तोवर ताईंना चार शब्दांत सगळं कळलं होतं. त्यांनी चहा ओतून दिला आणि केबिनचं दार उघडलं. "बसा!"

टँकर निघाला. डाव्या बाजूला अर्ध्या शब्दाचा ओला रंग वाऱ्यानं मागं ओघळायला लागला. चौकात एक फुलवाला ओरडला, "ओ ताई, रक्त निघतंय तुमच्या गाडीचं!" ताईंनी त्याला हॉर्ननंच उत्तर दिलं. पुढं शाळेची बस, तिच्यापुढं फर्निचरचा हातगाडा, हातगाड्यावर उलटं ठेवलेलं कपाट. पेंटर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "सरका! सरका हो! आग आहे!"

"आग कुठाय?" हातगाडीवाला.

"लागायचीय अजून!"

गाडा सरकला. ताईंनी गिअर टाकला. "मास्तर काय करतोय?"

"बोलतोय. अजून बोलतोयच."

"आणि लिहिताना कोणाला विचारलं नाहीत तुम्ही?"

"विचारायचो. एकतीस वर्षं विचारत होतो." पेंटरनं पुन्हा नंबर लावला. "ती असती तर शब्द बघूनच शून्य मार्क दिले असते."

ताईंनी वळण असं घेतलं की टँकरला आकड्यानं अडकवलेली शिडी, जी काढायची दोघंही विसरले होते, ती खाडकन रस्त्यावर पडली. कोणी थांबलं नाही.

गोदामाच्या फाटकात मास्तर फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते. ताईंनी टँकर फाटकाबाहेरच थांबवला. पेंटरनं उडी मारली. अंगणातून कापायच्या मशीनचा आवाज येत नव्हता. तो शेडकडं धावत सुटला. मशीन थांबलंय म्हणजे कापणं संपलं, आत जोडणं सुरू.

दारात पोचला आणि त्यानं बघितलं. वेल्डरनं दोन पिंपं पुढं ओढून त्यांचंच टेबल केलं होतं. पिंपांवर लोखंडाच्या दोन पट्ट्या आडव्या, वेल्डर वाकलेला, काच तोंडावर ओढलेली, रॉड पट्टीपासून वीतभर वर.

"थांबा!"

काचेमागच्या माणसाला ऐकू गेलं नाही. दाराशेजारी मेन स्विचची पेटी होती. पेंटरनं दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. दिवे गेले, वेल्डिंग मशीनची घरघर गेली. रॉड पट्टीला टेकला, आणि काहीच झालं नाही.

"कोण रे तो?" वेल्डरनं काच वर केली. "व्याही? डोकं फिरलंय का तुमचं? नुकती सुरुवात करत होतो!"

"माल पेटतो," पेंटर म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मी उलटं लिहिलं. पेटतो तो."

वेल्डरनं भिंतीकडं बघितलं. मग पिंपांकडं. टँकरताई आत आल्या, पिंपाजवळ वाकल्या आणि झाकणावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. "पाझरतंय. हे ओढताना सील सुटलं असणार."

वेल्डरनं होल्डरमधून रॉड काढला, अगदी हळू, जणू तो काचेचा होता. मग बाहेर अंगणात जाऊन भिंतीला टेकून खाली बसला. पेंटर त्याच्यासमोर उभा राहिला.

"तुम्ही मला म्हणालात, भिंत वाचा."

"म्हणालो."

"मी वाचली."

"हो."

"नातवाचं बारसंही झालं नाही अजून, व्याहीबुवा."

पेंटरही खाली बसला. वेल्डरनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याला हसू फुटलं. भीतीनंच, पण फुटलं. "किती जोरात ओढला हो तो दांडा! मेनच उपटून आणता की काय वाटलं."

मास्तर धावत आले. फोनवर वरच्या ऑफिसकडून पिंपांवरच्या आकड्यांचा अर्थ कळला होता. रंग पातळ करायचं औषध, ठिणगीला भडकणारं. ते घामाघूम झाले होते. "पेंटर, आधी ती भिंत पुसा!"

सगळ्यांनी मिळून आधी दोन्ही बाजूंची शटरं उघडली, वारा खेळू दिला, पाझरणारं पिंप शेडच्या मागं सावलीत नेलं. मग पेंटरनं काळ्या ओळीवर पांढरा रंग फिरवला. आणि ब्रश हातात धरून तो वळला.

"आता काय लिहू? सगळ्यांनी सांगा."

"ज्वालाग्राही," मास्तर म्हणाले. "नियमाप्रमाणं तोच शब्द."

"ते वाचून मला वाटेल कोणीतरी जेवायचा आग्रह करतंय," वेल्डर म्हणाला.

"तुम्ही सांगा मग. तुम्हाला काय वाचून पाय मागं घ्यावासा वाटेल?"

वेल्डरनं विचार केला. "हा माल पेटतो. ठिणगी लांब ठेवा. आणि किती लांब तेही लिहा. नुसतं लांब म्हटलं की प्रत्येकाचं लांब वेगळं."

"पन्नास फूट," टँकरताई म्हणाल्या.

पेंटर लिहायला लागला, पण त्याला राहवेना. ब्रश चालू ठेवूनच त्यानं विचारलं, "ताई, असे दगाबाज शब्द आणखी आहेत?"

"आहेत की. इनव्हॅल्युएबल. व्हॅल्यू नाही असं वाटतं ना? अर्थ अमूल्य."

"अहो पण थांबा!" मास्तर एकदम ओरडले. "अमूल्य! त्यातही अ आहेच की! अप्रामाणिकातला, अपुऱ्यातला. तरी अमूल्य म्हणजे बिनकिमतीचं नाही!"

"किंमत करता येत नाही एवढं मोठं," ताई म्हणाल्या. "इंग्रजीतही तेच."

"म्हणजे आपल्याकडंही हीच भानगड!" वेल्डर उठून उभा राहिला. "अघोर बघा. घोर नसलेला असायला पाहिजे, आणि असतो आणखी घोर!"

पेंटरचे डोळे चमकत होते. एकतीस वर्षं तो दारातून एकेक शब्द आत धरत आला, पण शब्द असे का वागतात हे त्यानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिनं किती सांगितलं असतं. आतली उकळी थांबेना. "आणखी! आणखी सांगा!"

"आधी ते फूट पुरं करा," मास्तर म्हणाले.

त्यानं पुरं केलं. मागं सरला आणि म्हणाला, "आता प्रत्येकानं मोठ्यानं वाचा. एकेकानं. वाचून मला सांगा काय समजलं ते. नाहीतर मी इथून हलत नाही."

मास्तरांनी वाचलं. टँकरताईंनी वाचलं. शेवटी वेल्डरनं भिंतीपुढं उभं राहून एकेक शब्दावर बोट धरून वाचलं, मग दोन्ही पट्ट्या खांद्यावर घेतल्या, होल्डरची लांब वायर हातात धरली आणि पावलं मोजत अंगणातून निघाला. पेंटर मागून टेप ओढत चालला होता.

"झाले पन्नास!"

वेल्डरनं पट्ट्या खाली ठेवल्या, मागं वळून भिंतीकडं बघितलं. इथूनही ओळ स्वच्छ वाचता येत होती. त्यानं काच तोंडावर ओढली.

"लावा हो मेन," तो म्हणाला.