लवंगीच्या हाताला मुंग्या

ती गोष्ट तिनं हसत हसत सांगितली, हे मला आजही आठवतं.

आम्ही सहा आठवड्यांसाठी परदेशातल्या एका छोट्या गावात होतो. सार्वजनिक आरोग्य शिकणारे बारा विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे आम्ही दोघं. मी संसर्गजन्य रोगांचा विषय घ्यायचे. दुसरे सर संख्याशास्त्राचे. कशाचीही सरासरी काढायची त्यांना सवय, अगदी पोरं जेवायला किती मिनिटं उशिरा येतात याचीसुद्धा, म्हणून पोरांनी त्यांचं नाव 'सरासरी सर' ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

सकाळी पोरं घरोघर जाऊन पाहणी करत. पाणी कुठून आणता, कशात साठवता, घरात कुणाला जुलाब झाले का. दुपारी वर्ग. शनिवारी आठवड्याचा आढावा. त्या शनिवारी मी विचारलं होतं, "इथे आल्यापासूनची सगळ्यात फजितीची गोष्ट सांगा." पोरांना मोकळं करायचा माझा तो जुना डाव.

लवंगी उठली. वर्गातली सगळ्यात लहान, अंगानं काडी, पण बोलायला लागली की तडतड उडायची. म्हणून लवंगी.

"मॅडम, मी एकदा पहाटे उठले तर माझ्या पडद्याला वटवाघूळ! मला वाटलं मोजा लटकलाय. ओढायला गेले तर मोजा उडाला!"

वर्ग खो खो हसला. सरासरी सरही हसले.

मी हातातली वही मिटली.

"कधी?" मी विचारलं.

"मागच्याच्या मागच्या मंगळवारी."

म्हणजे अकरा दिवस झाले होते.

"चावलं का?"

"छे! टॉवेलानं हाकललं की."

"पण तू झोपेत असताना ते किती वेळ खोलीत होतं?"

"कोण जाणे," ती म्हणाली. आणि मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, कारण दोन आठवड्यांपूर्वी रेबीजचा तास मीच घेतला होता आणि ती पहिल्या बाकावर बसून सगळं लिहून घेत होती. वटवाघळाचे दात सुईच्या टोकाएवढे असतात. झोपलेल्या माणसाला चावा कळतोच असं नाही. खूणही दिसतेच असं नाही. आणि लक्षणं सुरू झाल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. हे सगळं मी एकामागून एक स्लाइड दाखवत सांगितलं होतं, दरवर्षी सांगते तसं.

आमच्या मुक्कामाच्या घरात तिला माळ्यावरची एकटीची खोली दिली होती तीही मीच. खिडकीला जाळी नाही हे मी पाहिलं होतं. वारा चांगला येतो, असंही म्हणाले होते.

वर्ग तिथेच सोडला. सर मला दारात अडवून हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नका. शक्यता फार फार कमी आहे."

"सर, हिला झालं तर हिला पूर्णच होणार आहे. थोडंसं नाही होणार."

सरांनी टोपी घेतली आणि आमच्याबरोबर निघाले.

गावातला दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज आणि एक परिचारिका. डॉक्टरीणबाई फक्त मंगळवारी यायच्या. कुत्री चावणं नेहमीचं असल्यानं लस होती, हे नशीब. पण लस शरीराला लढायला शिकवते आणि त्याला आठवडाभर तरी लागतो. तोवर आधार म्हणून आयत्या प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं, ते तिथं नव्हतं. ते जिल्ह्याच्या औषधकोठारात होतं, बसनं चार तासांवर. परिचारिकेनं फोनवर डॉक्टरीणबाईंना विचारून चिठ्ठी लिहिली. आमच्या दुभाषीबाईंनी ती वाचून दाखवली : कुणीतरी बर्फाची पेटी घेऊन उद्या यावं.

"मी जातो," सर म्हणाले.

मग परिचारिकेनं लवंगीला विचारलं, हात दुखतो का, कुठे आग होते का, मुंग्या येतात का.

"नाही," लवंगी म्हणाली. इतकं पटकन म्हणाली, की मी तिच्याकडे बघितलं. ती अंगठ्यानं आपल्या उजव्या हाताची बोटं चोळत होती.

लस टोचून झाली. सर बसची चौकशी करायला गेले. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. समोर एक म्हातारा सायकलचं चाक सरळ करत होता. उन्हं छान पडली होती.

"हाताला काय होतंय?" मी विचारलं.

तिनं मूठ मिटली, उघडली.

"चौदावी स्लाइड ना, मॅडम?" ती म्हणाली. "पहिलं लक्षण. चाव्याच्या जागी मुंग्या."

"कधीपासून?"

"परवापासून."

डॉक्टरकीची पदवी आहे माझ्याकडे, पण गेल्या पंधरा वर्षांत मी माणसं तपासली नाहीत, आकडे तपासले. त्या क्षणी मला एकच आकडा आठवत होता. लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस, फार तर. दोन गेले होते.

"आईला सांगायचं नाही," लवंगी म्हणाली. "बाबा गेल्यापासून ती फोन वाजला तरी दचकते. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. द्यायला नको होता.

संध्याकाळी सरांना मुंग्यांचं सांगितलं. ते खुर्चीत बसले. मीच विचारलं, "आता शक्यता किती, सर?"

"आता मला विचारू नका," ते म्हणाले.

रविवारी पहिल्या बसनं ते गेले आणि दुपारी दोनच्या सुमाराला परतले. बर्फाची पेटी मांडीवर ठेवून आठ तास प्रवास केला होता त्यांनी. पायात गोळे आले होते, चालता येत नव्हतं. परिचारिकेनं इंजेक्शन दिलं. तेवढा वेळ सर दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्याच संध्याकाळी लवंगीच्या आईचा फोन आला. मला.

"मॅडम, तुम्हाला त्रास देते हं. पोरीचा आवाज बसल्यासारखा वाटला. बरी आहे ना?"

"ऊन लागलंय थोडं," मी म्हटलं.

"जेवते ना नीट?"

"जेवते की."

"तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे बघा," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर मला त्या दिवसांत दुसरं काही सुचतच नव्हतं. मी लवंगीला पाणी पिताना बघत होते. या रोगात माणसाला पाणी गिळता येत नाही, घसा आवळतो, नुसता पेला पाहून अंगाला झटका बसतो. म्हणून नाश्त्याला, वर्गात, पाहणीच्या वाटेवर, ती जिथे बाटली तोंडाला लावेल तिथे माझे डोळे तिच्या गळ्यावर. घोट खाली गेला की मी श्वास सोडायचे. बाकीच्या पोरांना लसीचं सांगितलं होतं, मुंग्यांचं नाही. तरी त्यांना काहीतरी कळलं असावं. जेवणाच्या टेबलावर कुणी मोठ्यानं बोलेना.

सोमवारी दुपारी ते घडलं. लवंगीनं पेला उचलला, एक घोट घेतला आणि एकदम ठसका लागला. पाणी नाकातून आलं. तिनं दोन्ही हातांनी गळा धरला. पेला खाली पडून फुटला. टेबलाभोवती सगळे पुतळ्यासारखे. मीही. पंधरा पावसाळे शिकवण्यात घालवलेली बाई मी, जागची हलले नाही.

ती उठून धावत जिना चढली. मग माझे पाय सुटले. न्हाणीघराचं दार आतून बंद.

"लवंगी, दार उघड."

आतून रडण्याचा आवाज.

"दार उघड ग, बाळा."

"मॅडम, तुम्ही जा!"

"मी नाही जाणार."

"मला पाण्याची भीती नाही वाटत!" ती आतून ओरडली. "तुमची वाटते! तीन दिवस तुम्ही माझ्या घशाकडे बघताय. मला थुंकीसुद्धा गिळता येईना. गिळताना वाटतं, आता नाही गेलं खाली तर?"

मी दाराला टेकून खाली फरशीवर बसले. खरंच होतं ते.

"चुकले मी," मी म्हटलं. "मला फार भीती वाटतेय ग. तुला दिसू नये म्हणून तोंड बंद ठेवलं, पण डोळे काही बंद ठेवता आले नाहीत."

मग कडी निघाली. तिचं नाक लाल झालं होतं. "मला वाटलं तुम्हाला नक्की माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून बोलत नाही आहात."

"मला काहीही माहीत नाही."

हे ऐकून तिला इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं नळ सोडला, ओंजळ भरली आणि माझ्याकडे पाठ करून प्यायली. मग म्हणाली, "गेलं." मी तिच्या पाठीकडेच बघत होते, आणि पुढेही तसंच बघायचं ठरवलं.

मंगळवारी डॉक्टरीणबाई आल्या. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, कानाला कमी ऐकू येणाऱ्या. दुभाषीबाईंना प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागत होतं, त्यामुळे बाहेरच्या रांगेलाही सगळं कळत होतं. मी मुंग्यांचं सांगितलं.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कोणत्या बोटांना?"

मी लवंगीकडे पाहिलं. लवंगीनं माझ्याकडे. तीन दिवसांत हा साधा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता.

"करंगळी," लवंगी म्हणाली, "आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू."

"अंगठ्याला?"

"नाही."

बाईंनी तिचा हात कोपरात दुमडला आणि कोपराच्या आतल्या हाडाशी बोटानं टकटक केलं. "आई ग!" लवंगी किंचाळली. करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या.

"लिहितेस कशी?"

लवंगीनं करून दाखवलं. घरोघर उभ्यानं फॉर्म भरताना ती लिहायची फळी छातीशी धरायची आणि कोपर दगडी कठड्यावर, दाराच्या चौकटीवर, मिळेल तिथे टेकवायची. रोज चार-पाच तास.

"आणि झोपतेस हात उशाखाली दुमडून," बाई म्हणाल्या. तेही खरं निघालं. "कोपराजवळची नस चेपली आहे. वटवाघळाची भीती खोटी नाही, लस पूर्ण घ्यायची. एकही चुकवायची नाही. पण या मुंग्या कोपराच्या. पुढचा कोण आहे?"

एवढंच. पुढचा एक माणूस पायाला फडकं बांधून उभाच होता. आम्ही बाहेर आलो. सर बाकावर बसले होते. लवंगीनं त्यांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, परत घातली, परत काढली. "सांगितलं होतं ना, शक्यता कमी आहे," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

माझी भीती मात्र एवढ्यावर जाईना. डॉक्टरीणबाई चुकल्या तर? लवंगीनं फळी गळ्यात अडकवून लिहायला सुरुवात केली, हात सरळ ठेवून झोपायला लागली, पाचव्या दिवशी मुंग्या कमी झाल्या, पुढच्या आठवड्यात गेल्या. दहा दिवस उलटले. ती तडतड बोलत होती, सरांच्या उशिराची सरासरी काढत होती. तरी सकाळी माळ्याच्या जिन्यावर तिची पावलं वाजेपर्यंत मी चहाला तोंड लावत नसे.

लसीची शेवटची मात्रा घरी परतल्यावर होती. मी लवंगीला म्हटलं, "दिलेला शब्द मी मोडणार आहे. आईला मी सांगणार." ती भांडली नाही. "मी शेजारी बसेन," एवढंच म्हणाली.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला फ्रॉक. आईनं चहा ठेवला. मी लसीचे कागद पुढे ठेवले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं : जाळी नसलेली खिडकी, मुंग्या, पेला, उन्हाचं खोटं. चहा उतू गेला. लवंगीच उठून बंद करून आली.

"म्हणजे माझी पोर मरते की जगते अशी होती," आई म्हणाली, "आणि मी इथे फ्रॉकाला लेस लावत होते."

"तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"कुणी सांगितलं होतं त्रास नको म्हणून? भ्यायचा हक्क माझा होता, मॅडम. तो तुम्ही घेतलात."

मी कागद गोळा केले. ती पुढे म्हणाली, "उद्या इंजेक्शनला मी नेते. तुम्ही येऊ नका."

मी गेले नाही. कॉलेजला मी सगळा अहवाल लिहून दिला, माझ्या चुकांसकट. मला एक वर्ष दौऱ्यावर पाठवलं नाही. त्या वर्षी सर एकटेच पोरांना घेऊन गेले, आणि जाण्याआधी तिथल्या प्रत्येक खिडकीला जाळी आहे का हे त्यांनी पत्र पाठवून तीनदा विचारलं.

पुस्तकात लिहिलंय की हा रोग क्वचित वर्षभरानंतरही डोकं वर काढतो. लस वेळेत पूर्ण झाली की सहसा तसं होत नाही, हेही लिहिलंय. मी दोन्ही वाक्यं वाचायचे आणि पहिलंच लक्षात राहायचं.

आठ महिन्यांनी एका दुपारी लवंगीच्या आईचा फोन आला. नंबर बघून मी चालू तास सोडून बाहेर आले.

"काही नाही, बरी आहे ती," आई आधीच म्हणाली. तिला कळत होतं. "चिडलीय माझ्यावर. सारखं विचारते ना मी, डोकं दुखतंय का, ताप आहे का. म्हणते, आई, पुरे आता."

"बरोबर आहे तिचं."

"हो." ती म्हणाली. "तुम्हाला वाटते अजून भीती?"

"वाटते," मी म्हटलं. "रोज नाही. पण वाटते."

"मला वाटलं मी एकटीच," ती म्हणाली. मग मला मुलंबाळं आहेत का, मुलगी कितवीला आहे, तिला शिवणकाम येतं का, असं काय काय विचारत राहिली, आणि मीही फोन ठेवायची घाई केली नाही.