धाकट्याचा वाटा

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि माझ्या कपाळावर कुंकू आहे. हसू नका, मित्रांनो. नांदूरघाटच्या बंकटरावांच्या घरी खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, मेंढरांची लोकर कातरायची कातर अशी सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात. एका वर्षी त्या रांगेत मलाही बसवलं. घरच्या ताराबाईंनी कुंकवाचं बोट टेकवलं ते नेमकं माझ्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर. तेव्हापासून मला सगळं जग लालसर दिसतं. पण घरच्या हत्यारांत आपली गणती झाली याचाच मला इतका आनंद झाला होता, की मी कधी कुरकुर केली नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते केजच्या दुकानातून जीपमध्ये संगीताच्या मांडीवर बसून आलो तेव्हापासूनचं. संगीता ही बंकटराव आणि ताराबाईंची लेक. ती कॉलेजात जाऊ लागली म्हणून बापानं कळपातले चांगले मेंढे विकून मला घरी आणलं होतं.

पहिली काही वर्षं माझा तोरा काय विचारता! गल्लीतल्या बाया कुणाच्या ना कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ बघायला माझ्यापुढे दाटीवाटीनं बसत. बंकटरावांच्या आई, बायनाबाई, सगळ्यांत पुढे. एकदा मेंढरं कातरायच्या दिवशी संगीतानं फोनवर त्यांचाच व्हिडिओ काढला आणि माझ्यात आणून ठेवला. त्यात बायनाबाई मेंढी गुडघ्याखाली दाबून कातर चालवतात आणि मध्येच मान वर करून ओरडतात, "अगं, माजा कावून काढायलीस? मेंढराचा काढ, ते माज्याहून देखनं हाय!" मागे त्यांचे दोन्ही लेक, थोरले बंकट आणि धाकटे हनुमान, लोकर पोत्यात भरता भरता खो खो हसताना दिसतात.

पुढल्या साली बायनाबाई गेल्या. संगीताचा तो फोन विहिरीत पडला. मग म्हातारीचं बोलणं-चालणं उरलं ते एकट्या माझ्या पोटात.

आई गेली आणि शेताची वाटणी निघाली. तुम्हाला रीत ठाऊक असेल. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे पाडणारा आपोआप सरळ पाडतो. बंकटरावांनी वाटे पाडले आणि विहिरीकडचा स्वतःच उचलला. त्या दिवसापासून हनुमानराव या घराचा उंबरा चढले नाहीत. दोन घरांत भिंत एकच होती, पण बोलणं बंद.

इकडे माझंही वय झालं. माझं बटण दाबून संगीता भाकरी थापायला बसे. टोपली भरली तरी मी डोळे चोळतच असे. तिला टायपिंगच्या परीक्षेचा सराव करायचा होता आणि माझ्यावर एक ओळ उमटायला मारामार. केजचा एक दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल. बंकटराव त्याच्यावर उखडले. "आन् माजी आई? तिलाबी पुसतूस व्हय?" मला काखेत मारून ते घरी आले आणि ज्वारीच्या कोठीवर टाकून दिलं. तिथं धूळ खात पडलो. भंगारवाल्याची हाळी आली की माझा जीव खालीवर होई.

संगीता मात्र हट्टाची. ती गेली ती थेट वर्षाराणी वहिनीकडे. वर्षाराणी ही हनुमानरावांची सून, केजला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. ती पेनड्राइव्ह घेऊन आली. दारात आलेल्या सुनेला माघारी पाठवायची या घराची पद्धत नाही, म्हणून बंकटराव नुसते तोंड फिरवून बसले.

"थोरले मामा, काईच पुसायचं न्हाई," ती म्हणाली. "ह्याच्या डिस्कमदी एका कडंला जरा जागा काढू आन् तितं लिनक्स म्हनून नवं सॉफ्टवेअर बसवू. लई हलकं असतंय, जुन्या मशीनला झेपतंय. पयलं हाय ते हाय तितंच ऱ्हातंय."

पडद्यावर माझ्या पोटाचा नकाशा आला. पट्ट्या पट्ट्या पाहून बंकटरावांना तो शेताचाच वाटला. ते सरकून जवळ आले. "आन् उद्या त्या नव्यानं बांध कोरला तर?"

"न्हाई कोरत, मामा. तरीबी आदी आजीचा व्हिडिओ माज्या फोनात घेते. मदीच लाइट गेली तर काय सांगावं?"

"न्हाई. ह्या घरातलं त्या घरात जायचं न्हाई."

मित्रांनो, तेव्हा मी खरंच घाबरलो. माझी बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट गेली की मी गेलो. आणि काम अर्धवट राहिलं, तर माझ्यासोबत म्हातारीही जाणार होती, दोन्ही लेकांची.

जागा किती द्यायची, असं वर्षाराणीनं विचारलं. बंकटरावांनी पट्टीच्या अगदी टोकाला बोट ठेवलं. "एवढी बास." तिनं तेवढी जागा लिनक्सला दाखवली. ते अडलं.

"काय म्हनतंय?"

"एवढ्यात संसार बसत न्हाई म्हनतंय. मामा, तुमच्या ह्या व्हिडिओतल्या पुढाऱ्यांच्या मिरवनुकी काढून टाकू का? निम्मी जागा त्यांनीच खाल्लीय."

"ऱ्हाऊ दे. माज्या हायत त्या."

वर्षाराणीनं माझ्यावरचे हात काढले आणि शांतपणे म्हणाली, "मामा, वाटे तुमीच पाडायलाव आन् उचलायलाव बी तुमीच. मग धाकट्यानं जावं कुटं?"

ती काय बोलली ते घरात सगळ्यांना कळलं. संगीता खाली बघू लागली. ताराबाई चुलीपुढून उठून उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मग बंकटराव पडद्याकडे बोट करून म्हणाले, "त्या मिरवनुकी काढ. समद्या काढ." आणि थोड्या वेळानं, "आन् आदी आई घे तुज्या फोनात. हनुमानला दाव."

माझ्या आयुष्यात एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

व्हिडिओ फोनात गेला, फोनातून पलीकडे गेला, आणि काम सुरू झालं. पाण्याची पाळी राखावी तसे बंकटराव लाइटच्या बोर्डापाशी बसले. ताराबाईंनी मिक्सरला हात लावला तर त्यांच्यावर खेकसले. लाइट गेली नाही. मी नव्यानं डोळे उघडले, ते चटकन. पडद्यावर दोन नावं आली, नवं वर आणि जुनं खाली.

"धाकटं वर कावून?"

"तेच आदी उटतंय, मामा. थोरलं बी हाय खाली, कुटं गेलं न्हाई."

"आसंच पायजे," बंकटराव म्हणाले आणि पंच्यानं तोंड पुसलं.

संगीतानं व्हिडिओ लावला. "अगं, माजा कावून काढायलीस?" बायनाबाई ओरडल्या. आणि तोच आवाज, जरा मागून, भिंतीपलीकडूनही आला. दोन्ही घरांत म्हातारी एकदमच रागावत होती. मग पलीकडचा आवाज थांबला आणि इकडच्या उंबऱ्यात हनुमानराव दिसले. हातातल्या फोनात सुनेनं पाठवलेला व्हिडिओ, डोळे ओले.

"दादा, फोनात आई लई बारीक दिसायलीय. मोठ्यात लाव की."

बंकटराव घोंगडीवर सरकले आणि त्यांनी धाकट्याला जागा करून दिली.

आता विहिरीच्या मोटारीला दोन्ही शेतांकडे पाइप आहेत. संगीता रोज माझ्यावर बोटं बडवते आणि मी तिच्या मागे पडत नाही. माझं ऋण मी कुणाकुणाचं मानू? लेकीच्या हट्टाचं, सुनेच्या हातांचं, आणि उशिरा का होईना, त्या थोरल्याच्या मनाचंही मानतो. मित्रांनो, तुमच्या घरात काही जुनं थकलं, तर लगेच पुसायला किंवा विकायला निघू नका. त्याच्यात नव्यासाठी थोडी जागा काढून बघा, आणि काढाल तेव्हा हात आखडू नका. माझी धूळ जरूर पुसा, पण कपाळाचं कुंकू तेवढं राहू द्या.