कुरकुर

गाडी खड्ड्यात गेली की पुढच्या चाकापाशी कुरकुरायची. तिथला सांधा सीलबंद, ग्रीस भरायला जागाच नाही. मास्तरांनी आजारी बायकोच्या इंजेक्शनची जाड सुई सांध्याच्या रबरी टोपणात खुपसून ग्रीस भरलंच. आवाज बंद! स्वारी शेखी मिरवायला गॅरेजात गेली.

मेकॅनिकनं चाक हलवून पाहिलं. "काका, सांधा आतून संपलाय. तुम्ही नुसतं गाडीचं तोंड बंद केलंत. आता दुखणं सांगणार कोण?"

मास्तर घरी आले. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. परवा ते तिच्यावर खेकसले होते, "पुरे झाली तुझी कुरकुर!" तेव्हापासून तिनं हूं की चूं केलं नव्हतं.

"दुखतंय का गं?"

"नाही हो," ती भिंतीलाच म्हणाली.