पुढच्या वर्षी बॅसून कोण वाजवणार

गाडीच्या पुढच्या दोन सीटांच्या मध्ये एक कागदी पेला. त्यातलं पाणी प्यायचं नाही. बॅसूनची पत्ती भिजतेय.

मोटेलातला नाश्ता. वॉफल तयार झालं की यंत्र पिपाणीसारखं ओरडतं. माझा नवरा तोंडातला घास न गिळता म्हणतो, "बी फ्लॅट सूर. जरासा उतरलेला."

फुकट मिळालेली पिशवी: पेन, पाण्याची बाटली, ओठांना लावायचं चेरीच्या वासाचं मलम. तिन्हीवर कॉलेजचं नाव.

मी दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करते. तोंड उघडं असलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, एवढाच त्या नोकरीतला आराम.

बारावी संपली की शाळेची वस्तू शाळेला परत.

"पुढच्या वर्षी तुमच्याकडे बॅसून कोण वाजवणार?"

*

हा शेवटचा प्रश्न माझ्या नवऱ्याचा, डॅरिलचा. फेब्रुवारीत आम्ही तिघं कॉलेजं बघायला नेब्रास्कातून निघालो, मी, तो आणि आमची डेलिया, तेव्हा तो हा प्रश्न घेऊनच निघाला होता. डॅरिल आमच्या गावच्या शाळेत बँड शिकवतो. सगळं गाव त्याला मिस्टर के म्हणतं, कारण कुचेरा म्हणायला शाळकरी पोरांना कंटाळा येतो. डेलिया त्याची विद्यार्थिनीही आणि मुलगीही. शाळेत ती त्याला मिस्टर के म्हणते, घरी बाबा, आणि रागावली की घरीही मिस्टर के.

बॅसून म्हणजे माणसाच्या छातीएवढं उंच लाकडी नळकांडं. खुर्चीत बसून मांडीवरून तिरकं धरायचं. बोरूच्या दोन पात्या बांधून केलेल्या पत्तीतून फुंकायचं. आवाज म्हाताऱ्याने घसा खाकरल्यासारखा. डेलिया संथ काही वाजवते तेव्हा मात्र तोच म्हातारा खाकरून झाल्यावर खरंच काही सांगायला लागल्यासारखा वाटतो.

डॅरिलचं गणित साधं आहे आणि ते तो पालकसभेत दरवर्षी सांगतो. "फ्लूटवाल्या पोरी मोजायला बसलात तर जेवायची वेळ होईल. ट्रम्पेटवाली पोरं कॉलेजच्या दारात एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभी आहेत. पण बॅसूनवाल्याला दार आतून उघडतं. ऑर्केस्ट्राला दोन बॅसून लागतात आणि ते कोणाकडेच नसतात."

हे खरं आहे. ह्यात कुठेही खोटं नाही.

गाडी आयोवात शिरली तेव्हा डेलिया मागच्या सीटवर बॅसूनच्या पेटीवर पाय टाकून बसली होती. सासूबाईंनी दिलेले कोलाची, खसखस भरलेले गोड पाव, खात होती.

"आई, मला ह्या ट्रिपमधून एकच गोष्ट हवीय."

"काय?"

"कोणीतरी आधी ऐकायचं. मग हो म्हणायचं. ह्याच क्रमानं."

"हो तर सगळेच म्हणणार आहेत," डॅरिल आरशात बघून म्हणाला. "तू नुसती पेटी घेऊन आत जा."

"तेच तर म्हणतेय मी, बाबा."

*

होल्कम कॉलेज. चारी बाजूंना कापलेल्या मक्याची खुंटं आणि त्यावर बर्फ. बँडचे प्रमुख डॉक्टर फेनविक आम्हाला घ्यायला पार्किंगपर्यंत आले. गुबगुबीत, प्रेमळ माणूस.

डॅरिलने प्रश्न विचारला.

"कोणीच नाही!" फेनविक म्हणाले. एखाद्याला लॉटरी लागल्याची बातमी द्यावी तसं म्हणाले. "या, दाखवतो."

त्यांनी आम्हाला वाद्यांच्या कपाटापाशी नेलं. कुलूप काढलं, खालच्या फळीवरून लांब काळी पेटी ओढली. पेटीवरच्या धुळीत त्यांची बोटं उमटली.

"ही तुझी वाट बघतेय. चार वर्षं तूच वापरायची. तुमची स्वतःची आहे का? नाही ना? अहो, स्वतःचं बॅसून घ्यायचं म्हणजे गाडी विकायची. काळजीच नको."

"मी वाजवून दाखवू?" डेलिया म्हणाली.

"अगं वाजव ना! हवं ते वाजव."

डेलियाने हिवाळाभर एक रचना बसवली होती. सुरुवात चपळ, उड्या मारणारी, परीक्षकांना आवडेल अशी. मग संथ भाग. तो संथ भाग ती डॅरिलकडून शिकली नव्हती. घरी खालच्या मजल्यावर, वॉशिंग मशिनच्या शेजारी, एकटीने बसवला होता. मी कपडे घड्या करायच्या निमित्ताने तिथे थांबायचे.

चपळ भाग संपायच्या आत फेनविकनी टाळ्या वाजवल्या. "पुरे, पुरे! मला जे ऐकायचं ते मी ऐकलं. शरद ऋतूतल्या कार्यक्रमात तू पहिल्या खुर्चीवर, मुख्य वादक."

"पुढे अजून आहे," डेलिया म्हणाली.

"असणारच की!" फेनविक म्हणाले आणि आम्हाला जेवायला घेऊन गेले.

*

त्याच संध्याकाळी डॅरिलने आपल्या आईला फोनवर सांगितलं ते असं: "आई, त्यांनी तिला मध्येच थांबवलं. इतकं चांगलं वाजवलं तिने."

*

दुसरं कॉलेज इलिनॉयमध्ये. तिथे आम्हाला इमारती दाखवणारी मुलगी पूर्ण वेळ उलटी चालत होती. आमच्याकडे तोंड, पायऱ्यांकडे पाठ. ह्या मुलींना ते शिकवतात. डॅरिल तिला म्हणाला, "बाई गं, पडशील आणि आम्हाला दुसऱ्या कॉलेजात जावं लागेल." ती हसली, पण पाय चुकला नाही.

सरावाच्या खोल्या रांगेने होत्या. एका दाराआड कोणीतरी ट्रम्पेटवर लांब लांब सूर धरत होतं. डेलिया तिथे थांबली. उलटी चालणारी मुलगी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली तरी थांबली.

"चल," डॅरिल म्हणाला. "असे ह्यांच्याकडे पन्नास असतील."

"छान वाजवतोय."

"छान सगळेच वाजवतात. चल."

बॅसूनचे सर त्या दिवशी आलेच नव्हते. ते शहरातून आठवड्यातून एकदा येतात. त्यांच्याऐवजी ओबो, म्हणजे पत्तीचंच दुसरं एक दुर्मिळ वाद्य, शिकवणाऱ्या मिसेस पिट्स बसल्या. डॅरिलचा प्रश्न ऐकून त्यांनी छातीवर हात ठेवला. "एकच मुलगा होता, तो ह्या वर्षी बाहेर पडतोय. तुमची मुलगी देवानेच पाठवलीय."

डेलियाने सुरुवात केली. ह्या वेळी ती चपळ भाग इतका भरभर वाजवून गेली की दोन ठिकाणी सूर सांडले. मला कळलं, तिला संथ भागापर्यंत पोचायचं होतं. तिने श्वास घेतला. मिसेस पिट्स घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "सुंदर. सांडलं थोडं, पण ते होतं. मला वाटतं आपण ह्या मुलीला त्रास द्यायला नको."

गाडीत डेलिया म्हणाली, "मी मुद्दाम एकदम भिकार वाजवलं असतं तर?"

"तरी घेतलं असतं!" डॅरिल खूश होऊन म्हणाला.

मी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

"काय? खरं तेच सांगितलं ना?"

*

आता तुलना. सगळी कुटुंबं करतात, आम्हीही केली, हायवेलगतच्या एका हॉटेलात सूप पीत. डॅरिलने पहिल्या खुर्च्या मोजल्या. मी स्वच्छतागृहं आणि सरावाच्या खोल्यांच्या भिंती. होल्कमच्या भिंतीतून शेजारच्याचं गाणं ऐकू येतं, इलिनॉयमध्ये येत नाही. डेलियाला विचारलं तर ती म्हणाली, "एकीकडे कपाट आहे, दुसरीकडे देव आहे."

*

तिसरं कॉलेज डेलियाने स्वतः निवडलं होतं. तळ्याकाठच्या मोठ्या शहरातलं संगीत विद्यालय. डॅरिल तिथे जायला कुरकुरत होता. "तिथे मुलं कॉलेज निवडत नाहीत, शिकवणारी बाई निवडतात. मिस हॅवरकॅम्पकडे शिकायला लोक परदेशातून येतात."

"म्हणूनच," डेलिया म्हणाली.

कॉरिडॉरमध्ये खुर्च्यांवर आमच्यासारखीच कुटुंबं. मुलांच्या मांडीवर बॅसून, बापांच्या हातावर सगळ्यांचे कोट. शेजारची बाई मला म्हणाली, "आमचं हे सातवं. नवरा आता वाद्याचं नावसुद्धा घेत नाही, नुसतं 'ते लाकूड' म्हणतो." मी हसले. तिच्या मुलाच्या हातातलं वाद्य त्याचं स्वतःचं होतं. नवं, आरशासारखं चकचकीत. डेलियाने आपल्या पेटीवरचं शाळेचं स्टिकर हाताने झाकलं.

आई-वडिलांना आत बसायची परवानगी होती. मिस हॅवरकॅम्प साठीच्या, केस कापलेल्या, पायात बर्फातले बूट. डॅरिलने दारातच प्रश्न विचारला. मी त्याचा कोट ओढला, तरी विचारला.

"पुढच्या वर्षी? पाच जण आहेत," त्या म्हणाल्या. "जागा एक आहे. बसा."

डॅरिल बसला.

डेलियाने पत्ती तोंडात धरली, सोडली, पुन्हा धरली. मग वाजवलं. चपळ भाग झाला. कोणी थांबवलं नाही. संथ भाग सुरू झाला तेव्हा मिस हॅवरकॅम्पनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी सगळं ऐकलं, शेवटच्या सुरापर्यंत, आणि नंतरही काही क्षण ऐकत राहिल्या.

"कोणी शिकवलं?"

"बाबांनी."

"सूर चोख आहेत. ताल चोख. बाबांनी काम नीट केलंय."

डॅरिलची पाठ ताठ झाली.

"पण पहिला सगळा भाग तू असा वाजवलास, जणू कोणी गैरहजर आहे आणि त्याच्या जागेवर तू तात्पुरती बसलीयस. हे वाद्य का निवडलंस?"

"बाबांनी आणून दिलं."

"आणि संथ भाग? तोही बाबांनी?"

"नाही. तो मीच."

"हं. तेवढ्या भागात तू होतीस." त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. "मी तुला घेणार नाही. पत्र मार्चमध्ये येईल, पण तू एवढ्या लांबून आलीस, तर तोंडावर सांगते. बाहेर बसलेली दोन-तीन मुलं पहिल्यापासून शेवटपर्यंत तशी वाजवतात, जसा तू तो एक भाग वाजवलास."

डेलियाने मान हलवली. वाद्याचे भाग सुटे करायला घेतले. तिचा खालचा ओठ मी बघत होते. दिवसाला वीस तोंडं बघते मी. तो हलला नाही.

"एक विचारू?"

"विचार."

"तुमच्याकडे बॅसूनवाला एकही नसता तर?"

मिस हॅवरकॅम्पनी चष्मा काढला.

"तर तुला आत्ता मिठी मारून हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "ह्याच्या निम्मं वाजवलं असतंस तरी."

*

पार्किंगमध्ये डॅरिलने आपल्या आईला फोनवर सांगितलं ते असं: "जागा नाहीये गं त्यांच्याकडे. पण ती बाई काय म्हणाली माहितेय? मिठी मारली असती म्हणाली! हॅवरकॅम्प!"

"डॅरिल, फोन ठेव," मी म्हणाले.

"आता काय झालं?"

डेलियाने सीटांमधला कागदी पेला उचलला, दार उघडून पाणी बर्फावर ओतलं, पत्ती डबीत ठेवली. "काही नाही, मिस्टर के," ती म्हणाली. "चला."

*

एप्रिलमध्ये फेनविकचा फोन आला. त्यांनी कपाटातली पेटी दुरुस्तीला पाठवली होती. जाताजाता त्यांनी विचारलं, डेलियाला धाकटं भावंड आहे का, आणि ते ओबो वाजवतं का.

डेलियाने होल्कमला हो कळवलं.

"तुला जायचंय तिथे?" मी विचारलं. आम्ही दोघी खालच्या मजल्यावर होतो, टॉवेलांच्या घड्या करत.

"त्यांना गरज आहे, आई."

"त्यांचं नाही विचारलं मी."

"मग माझं विचारायला उशीर झाला." तिने टॉवेल माझ्याकडे फेकला. "असू दे गं. पहिली खुर्ची आहे."

एक मे रोजी शाळेतली सगळी मोठी मुलं आपापल्या कॉलेजचे शर्ट घालून फोटोला उभी राहिली. डेलियाने होल्कमचा घातला. डॅरिलने तो फोटो बँडच्या खोलीत लावला, खाली जाड अक्षरांत लिहिलं: बॅसून. संथ भाग ती त्यानंतर वाजवायची थांबली. वॉशिंग मशिन एकटंच फिरायचं.

मे महिन्यातच शाळेच्या जिममध्ये, खेळांच्या मोठ्या हॉलमध्ये, वाद्यांची संध्याकाळ असते. पाचवीतली मुलं टेबलाटेबलाशी जाऊन एकेक वाद्य फुंकून बघतात आणि पुढच्या वर्षासाठी एक निवडतात. मोठी मुलं मदतीला असतात. डेलियाने ट्रम्पेटचं टेबल मागून घेतलं. प्रत्येक मुलाच्या फुंकण्यानंतर ती ट्रम्पेटचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसत होती. समोरच्या टेबलाशी डॅरिल उभा होता, आणि त्याच्यासमोर स्टँडवर डेलियाचं बॅसून, स्टिकरसकट.

एक उंच, सडपातळ मुलगी ट्रम्पेटपाशी आली. गाल फुगवले. नुसती हवा निघाली.

"ओठ घट्ट मिट आणि थुंकल्यासारखं कर," डेलिया तिला म्हणाली. "नाही, हसू नकोस. पुन्हा."

पुन्हा हवा.

डॅरिलने तिची बोटं बघितली. "काय लांब बोटं आहेत गं तुझी! इकडे ये, एक गंमत दाखवतो."

मुलीने डेलियाकडे बघितलं, जाऊ का म्हणून.

डेलिया तिसऱ्यांदा ट्रम्पेटचं तोंड पुसत होती. "तुझं तू ठरव," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

मुलगी डॅरिलच्या टेबलाकडे गेली.

डेलिया स्वतः पाचवीत असताना ह्याच जिममध्ये तिने सगळ्यात आधी ट्रम्पेट उचलला होता, पहिल्याच फुंकरीला स्वच्छ सूर निघाला होता, आणि त्या वेळी डॅरिल गाडीतून तिच्यासाठी बॅसून आणायला गेला होता.