यंत्रावरचं हिरवं पाकीट

दुपारी तीनपर्यंत मी तेच वाक्य एकशे बारा वेळा म्हटलं होतं: "तीनपैकी एक यंत्र बंद पडलं तरी आमचा डेटाबेस थांबत नाही." मोजायची सवय भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. एकशे बारांपैकी एकशे चार जण फुकटची कापडी पिशवी घेऊन निघून गेले.

तैपेईतल्या वेब बनवणाऱ्यांच्या परिषदेचा तो शेवटचा दिवस होता. स्टॉलवर मी आणि वेंगदादा, दोघंच. हा डेटाबेस वेंगदादांनी नऊ वर्षं खपून लिहिला. साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, आज एक तरी संस्था चाचणीला तयार झाली नाही, तर डेटाबेस बंद आणि वेंगदादांनी दुसरीकडे बघावं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

"पाय दुखतायत का गं?" वेंगदादांनी विचारलं.

"पाय आहेत का अजून, तेच कळत नाहीये."

"बस जरा. मी बोलतो."

"नको दादा. तुम्ही बोलायला लागलात की लोक पिशवीसुद्धा न घेता पळतात."

साडेतीनला लियान बाई आल्या. एका मोठ्या हॉस्पिटलच्या संगणक-यंत्रखोलीच्या प्रमुख, असं गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. पिशवीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पंचवीस मिनिटं नेमके प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, "एक वायर उपटू?"

"कुठलीही उपटा," वेंगदादा म्हणाले.

त्यांनी स्टॉलवरच्या तीन यंत्रांपैकी मधल्याची उपटली. पडद्यावरचे आकडे दोन सेकंद अडखळले आणि पुढे धावू लागले. एकही नोंद हरवली नाही. वेंगदादांचे कान लाल झाले.

"छान. चाचणीचा कागद काढा," असं म्हणत बाई वायर परत लावायला वाकल्या आणि यंत्रावरच्या हिरव्या पाकिटाला त्यांचा हात लागला. खोबऱ्याच्या चवीचा मक्याचा खाऊ. आमच्याकडे तैवानात यंत्र तिथे ते पाकीट असतंच, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवंच लागतं, तारीख उलटलेली चालत नाही, आणि चालू यंत्रावरचं कुणी खात नाही.

पाकीट आडवं पडलं. रिकामं.

"हे कुणी खाल्लं?"

"मी," मी म्हटलं. खाऊन झाल्यावर मीच ते तोंड दुमडून परत उभं केलं होतं. "जेवायला सुटता आलं नाही."

"यंत्र चालू असताना?"

"हो. पण त्याने काही झालं नाही ना, बाई? तुम्ही स्वतःच बघितलंत."

"बघितलं." त्यांनी पाकीट सरळ केलं. "पोरी, पाकिटावर माझाही तुझ्याइतकाच विश्वास आहे. पण माझ्या खोलीत ते दिसलं की माणूस हात मागे घेतो. तुला खात्री होती, म्हणून तू हात घातलास. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे अशाच खात्रीच्या माणसाने भलती वायर काढली. अतिदक्षता विभागाचे पडदे काळे झाले." मग वेंगदादांना म्हणाल्या, "डेटाबेस चांगला आहे. पण बसवायला तुमचीच माणसं येणार ना? नको."

मान लववून त्या गेल्या. एका निरीक्षणावरून एवढा मोठा निष्कर्ष निघत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

"साहेबांना मी सांगते. चूक माझी आहे."

"काय सांगशील? भूक लागली म्हणून डेटाबेस बंद पडला?" वेंगदादा हसायला लागले आणि मध्येच थांबले. "मला म्हणायचंस गं. माझा डबा होता ना."

मी फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"हिरवं होतं?"

"हो साहेब."

"चालू यंत्रावरचं?"

"हो."

"मग बाईंचं बरोबर आहे," ते म्हणाले. "आवरा."

परिषद संपायला अजून दीड तास होता. मी पहिलं यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"थांब," वेंगदादा म्हणाले. "मला करू दे."

त्यांनी एक बंद केलं, मग दुसरं. तिसरं एकटं उरलं तेव्हा त्याने नव्या नोंदी घ्यायला नकार दिला. किमान दोन यंत्रं जुळल्याशिवाय नोंद घ्यायची नाही, असंच त्यांनी ते लिहिलं होतं. पडद्यावर आलेला नकार त्यांनी चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचला, आणि मग तेही बंद केलं.