रंग आधी सांगायचा नाही

मी एक जुना, रिकामा डबा आहे. पण साधासुधा नाही हं मित्रांनो, धुराचा डबा! मुठीत कसाबसा मावेन एवढा. डोक्यावर चार भोकं आणि भोकांच्या कडांना अजून न निघालेला जांभळा डाग. सध्या माझा मुक्काम एका स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. माझ्या एका भोकात रंगाच्या ब्रशाची दांडी खोचून ठेवली आहे. घाबरू नका, मी फुटणारा नाही. माझ्या नात्यात फुटणारे पुष्कळ आहेत, पण आपलं त्यांच्याशी जाणं-येणं नाही.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे प्रत्येक रंगाच्या भुकटीचं वेगळं टेबल होतं. जांभळ्या टेबलावरची बाई नाकातोंडाला फडकं बांधायची, तरी शिंकली की फडकं आतूनही जांभळं. नखांतला रंग तर सुटीच्या दिवशीसुद्धा जायचा नाही. "पोरीची वेणी घालायला बसले की ती ओरडते, आई, मला रंगवू नकोस!" असं ती शेजारणीला सांगायची आणि दोघी खळखळून हसायच्या. तिने माझ्यात भुकटी दाबून भरली, झाकणावर जांभळा पट्टा ओढला आणि मला पेटीत ठेवताना म्हणाली, "जा बाबा, कुणाच्या तरी उपयोगी पड." आईचा आशीर्वाद म्हणतात तो हाच, असं मी आपलं धरून चाललो.

पुढे बराच काळ मी कोठारात धूळ खात पडलो. उंदीर पेटीवरून उड्या मारत. आपल्याला इथेच गंज चढणार, या विचाराने जीव अगदी मेटाकुटीला आला होता. एके दिवशी पेटी उघडली, आणि मी एका तुकडीच्या सामानात जाऊन पडलो.

तुम्ही म्हणाल, सैनिकांना रंगीत धूर हवाच कशाला? सांगतो. आभाळातून खाली बघणाऱ्या वैमानिकाला सगळी माणसं सारखीच दिसतात. आपलं कोण, परकं कोण, त्याला काय कळणार? म्हणून खालचे लोक धूर सोडतात. या रंगाचा धूर म्हणजे इथे उतरा, त्या रंगाचा म्हणजे इथे धोका आहे, असं कधी आधीच ठरलेलं असतं, तर कधी नुसती जागा दाखवायला हाताशी असेल तो रंग चालतो. धूर कुठे झुकतो, यावरून वैमानिकाला वाराही कळतो. बंदुकांच्या गदारोळात ओरडून काय उपयोग? तिथे आमच्यासारखे मुकेच कामाला येतात.

पण यात एक मेख होती. तुकडीला शिकवणारे मास्तर ती रोज घोकून घ्यायचे. "बिनतारी यंत्रावर एवढंच बोलायचं, की धूर सोडलाय. कुठला, ते वैमानिक सांगेल. त्याने बरोबर ओळखला की तुम्ही हो म्हणा. समोरचेही कान लावून बसलेत, आणि त्यांच्याही पिशवीत सगळे रंग आहेत. तुम्ही रंग बोललात की तोच धूर तेही सोडणार. रंग आधी सांगायचा नाही! झोपेतसुद्धा नाही!"

तुकडीत बिनतारी यंत्र सांभाळणारा एक जण होता. सगळे त्याला पोपट म्हणत, कारण यंत्र बंद असलं तरी याचं तोंड चालूच. आणि मी ज्याच्या कमरेला लटकत असे, तो रंगारी. सैन्यात येण्याआधी तो घरं रंगवायचा. दोघांची अगदी घट्ट दोस्ती, एकाचं जेवण दुसऱ्याशिवाय घशाखाली उतरायचं नाही. रंगाऱ्याला जांभळा रंग फार आवडायचा. माझ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत तो म्हणायचा, "आईला किती वर्षं सांगतोय, स्वयंपाकघराचं दार असं जांभळं करू या. तर म्हणते, घर आहे की सर्कस?"

"बरोबरच बोलतात मावशी," पोपट म्हणायचा. "विदूषक तर घरात आहेच, आता तंबूही हवा का?"

अशी त्यांची चेष्टामस्करी रात्रंदिवस चालायची. मला वाटायचं, हे असंच चालू राहावं, माझी पाळी कधी येऊच नये. पण आमच्या वाटण्याला कोण विचारतो?

एका दुपारी ओढ्याच्या काठी तुकडी कोंडीत सापडली. समोरच्या झाडीतून गोळ्या येत होत्या. एक तोफगोळा जवळच फुटला आणि रंगारी खाली कोसळला. पोटात तुकडा घुसला होता, डोळ्यांतही बारीक कपच्या गेल्या होत्या. पोपटाने त्याला ओढत बांधाआड आणलं, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि एका हाताने पोट दाबून धरलं. दुसऱ्या हातात यंत्राचं बोलायचं बटण. हेलिकॉप्टर निघालं होतं. ते वेळेवर उतरलं तर रंगारी वाचणार होता, नाहीतर नाही. इतकं सरळ होतं ते.

वर घरघर ऐकू आली. बाकीचे डबे आदल्या दिवशीच संपले होते, उरलो होतो मी एकटा. पोपटाने हातातलं बटण सोडून मला रंगाऱ्याच्या कमरेवरून काढलं, दातांनी माझी पिन ओढली आणि मला बांधापलीकडे भिरकावलं. "धूर सोडलाय," पुन्हा बटण दाबून तो यंत्रात म्हणाला. एवढंच. मास्तरांनी शिकवलं होतं तसंच.

मित्रांनो, मी पेटलो! पोटात आग झाली, आणि चारही भोकांतून माझा रंग भसाभस बाहेर पडला. गर्द, दाट, ताठ मानेने वर चढणारा. त्या बाईची आठवण झाली. बघ आई, पडतोय ना उपयोगी?

तेवढ्यात रंगाऱ्याने पोपटाची बाही धरली. "काहीच दिसत नाही रे. कुठला टाकलास?"

पोपट त्याच्यावर वाकला. "जांभळा रे, जांभळा! तुझ्या आवडीचा. काय सुंदर दिसतोय लेका, तुला दाखवायला हवा होता!"

रंगारी हसला. खरंच हसला. पण पोपटाची मूठ भीतीने आवळलेली होती. बोलायचं बटण त्या मुठीत दाबलेलंच राहिलं होतं. तो शब्द यंत्रातून बाहेर गेला, थेट समोरच्यांच्या कानांपर्यंत.

थोड्या वेळाने ओढ्याच्या वरच्या अंगाला, त्याच काठावर, दुसरा जांभळा धूर उठला.

"मला दोन धूर दिसतायत," यंत्रातून वैमानिकाचा आवाज आला. "दोन्ही जांभळे. तुमचा कुठला?"

"खालच्या अंगाचा!" पोपट किंचाळला. त्याच क्षणी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज त्याच यंत्रावर घुसला, "नाही, वरच्या अंगाचा! वरच्या!" वैमानिकाने कुणाचं खरं धरायचं? तो चाचपडत खाली आला, झाडीतून गोळ्यांचा मारा झाला, आणि तो पुन्हा वर गेला. वाऱ्याने दोन्ही धूर एकमेकांत मिसळून टाकले. माझा कुठला आणि त्यांचा कुठला, हे माझं मलाच कळेना. मी जीव तोडून जळत होतो, पण डब्यात असतं किती? शेवटी एक बारीकशी फुसफुस झाली आणि मी संपलो. घरघर लांब लांब गेली.

दुसरं हेलिकॉप्टर आलं, तेव्हा ऊन उतरलं होतं. रंगारी त्याआधीच गेला होता. पोपटाचा हात मात्र त्याच्या पोटावर तसाच दाबलेला होता. तो सोडवायला दोघे लागले.

रिकाम्या डब्याला कोण उचलतं? मी तिथेच चिखलात गंजलो असतो. पण निघताना पोपट परत आला आणि मला खिशात घालून घेऊन गेला. त्या दिवसापासून तो फारसं बोलला नाही. ज्याचं तोंड कधी मिटत नसे, तो पोपट मुका झाला.

सुटी मिळाल्यावर तो मला घेऊन रंगाऱ्याच्या घरी आला. स्वयंपाकघराच्या दाराशी तो थांबला. दार जांभळं होतं. ब्रशाचे फराटे वेडेवाकडे, रंगाचे ओघळ उंबऱ्यापर्यंत आलेले. कुठल्याही रंगाऱ्याने केलेलं काम नव्हतं ते.

"मीच दिला," त्याची आई म्हणाली. "हात पोचला तिथपर्यंत दिला. हाच ना रे त्याचा जांभळा?"

पोपटाने मला तिच्या हातात ठेवलं. तिने माझा डाग निरखला, मग दार निरखलं, आणि पदराने मला पुसू लागली. डाग सोडून बाकीचं सगळं पुसलं.

"तू होतास ना जवळ?"

"होतो मावशी."

"काही बोलला का तो?"

"कुठला रंग टाकलास, म्हणून विचारलं. डोळ्यांवर पट्टी होती."

"मग? सांगितलास ना?"

पोपटाने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा सगळं सांगणार, बटणाचं, दुसऱ्या धुराचं, सगळं.

"सांगितला," तो म्हणाला.

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "फार चांगलं केलंस बाळा. माझा लेक अंधारात नाही गेला."

पोपट तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. तिला वाटलं, मित्रासाठी रडतोय. तेही खरंच होतं म्हणा.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तो अजून येतो. दाराचा रंग उडाला की नवा हात देतो आणि ब्रश धुऊन माझ्यात खोचून ठेवतो. दर वेळी तोंड उघडतो, दर वेळी मिटतो. "काही सांगायचं राहिलंय का रे?" ती विचारते. "नाही मावशी," तो म्हणतो.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्याही घरी असा एखादा गप्प गप्प काका किंवा मामा येत असेल. त्याला चिडवू नका, खोदून खोदून विचारूही नका. त्याच्या शेजारी नुसते बसा. माझं म्हणाल तर मला जन्मभर एकच गोष्ट बोलता आली, आणि ती वैमानिकापर्यंत पोचण्याआधीच दुसऱ्याने बोलून टाकली. पण पोपट खोटं बोलला नव्हता हो. रंग जांभळाच होता, आणि खरंच फार सुंदर दिसत होता.