ओला रणगाडा

उन्नतीच्या गल्लीत रंगकाम करायचं तर आधी हवेशी भांडावं लागतं. धामणकर नाक्यामागची ती गल्ली, आणि घराला खेटून लूम, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. लूमच्या जाळीतून सुताचे बारीक तंतू दिवसभर उडतात. गल्लीत सगळे त्याला रुईच म्हणतात. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, चहावर बसते, पाहुण्यांच्या भुवयांवर बसते, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण ओल्या रंगावर एक तंतू बसला, की तळहाताएवढ्या रणगाड्यावर तो दोरखंडासारखा दिसतो. कुणी म्हणेल, मग रणगाडा रंगवायचाच कशाला? पप्पांचंही अगदी हेच म्हणणं होतं.

आठवीच्या सहलीत नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय बघितलं आणि ती जी वेडी झाली ती झाली. बाकीच्या मुली रणगाड्यासमोर सेल्फी काढत होत्या, ही पट्ट्याखाली वाकून चाकं बघत होती. मग कुणालमामाने वाढदिवसाला टी-५५ रणगाड्याच्या मॉडेलचा खोका आणून दिला. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग, काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. तो दाणा चिमट्यात धरायचा, श्वास रोखायचा, सुईच्या टोकाने गोंद लावायचा. नीट बसला की अंगभर गुदगुल्या! निसटला की गुडघ्यांवर रांगत अख्खी फरशी पालथी घालायची. या सुखापायी तिच्या बोटांची टोकं गोंदाने कडक झाली, पॉकेटमनी रंगांच्या बाटल्यांत विरघळला, मैत्रीण मेघाली रुसून बसली. पण सगळ्यात महाग पडलं ते खोटं बोलणं.

झालं असं, की सहामाहीत बीजगणिताने दगा दिला. पप्पांनी मार्कांकडे बघितलं, मग टेबलावरच्या रणगाड्याकडे बघितलं आणि जाहीर केलं, "दहावी होईस्तोवर हे खेळणं परत दिसलं ना, खाडीत फेकीन."

तेव्हापासून रणगाडा गाद्यांच्या कपाटात लपून तयार होत होता. रविवारी ठाण्यात मॉडेल बनवणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. उन्नतीचं नाव त्यांनी नोंदवून घेतलं होतं, आणि पुस्तकं आणायच्या नावाखाली कुणालमामा तिला नेणार होता. राहिला होता फक्त शेवटचा मॅट वार्निशचा स्प्रे. तो मारला नाही तर रणगाडा चकाकतो, आणि चकाकणारा रणगाडा म्हणजे जत्रेतलं खेळणं.

म्हणून तिने शुक्रवार धरला. शुक्रवारी लूम बंद. शाळेला अभ्यासाची सुट्टी. मम्मी-पप्पा कोन गावाला साखरपुड्याला गेलेले. घरात फक्त आक्का, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, टीव्हीसमोर. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये उन्नतीने गरम पाण्याचा शॉवर सोडून हवेतली उरलीसुरली रुई खाली बसवली, खिडकीवर प्लॅस्टिक लावून कडेकडेने चिकटपट्टी मारली, रणगाडा उलट्या डब्यावर ठेवला आणि स्प्रे मारला. काय दिसला म्हणून सांगू! राजस्थानच्या वाळूतून आत्ताच बाहेर आल्यासारखा.

तेवढ्यात बाहेरून खट्ट झालं. पाठोपाठ दिवा गेला.

या घरात रिकाम्या बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी घालायची रीत आहे, कारण खिडकीच्या पट्ट्यांतून मांजर येते. जाता-येता ज्याला दिसेल तो कडी घालतो आणि बटण बंद करतो. आज आक्काला दिसलं.

"आक्का! ए आक्का! मी आत आहे!"

आक्काची पावलं जिन्यावरून शांतपणे उतरली. तिच्या कानाचं मशीन टीव्हीशेजारी पडलेलं असतं, आणि टीव्हीचा आवाज एवढा मोठा असतो की मशीनची गरजही पडत नाही. उन्नतीचा मोबाईल टेबलावर चार्जिंगला.

आधी तिला हसू आलं. मग वार्निशचा वास नाकातून डोक्यात चढला, कपाळ ठणकायला लागलं आणि हसू पळालं. खिडकी उघडावी म्हणून ती उठली, तोच पलीकडून घर्रर्र आवाज सुरू झाला. लूमवाले मशिनींवर हवेचा पाइप मारत होते. शुक्रवारी लूम बंद ठेवतात ते साफसफाईसाठीच, आणि आठवड्याभराची रुई बाहेर उडते तीही आजच! इतकी वर्षं इथे राहून हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खिडकी उघडली तर रणगाडा गेला. नाही उघडली तर आपणच. डोळ्यांपुढे पिवळं पिवळं नाचू लागलं, तशी तिने हाताला लागलेली बादली रणगाड्यावर पालथी घातली आणि प्लॅस्टिक टराटरा फाडलं. हवा आली, हवेबरोबर रुईही आली. ती खिडकीच्या पट्ट्यांना नाक लावून कितीतरी वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग ओरडली, "चाचा! रहमतचाचा!"

लूमचे मुकादम रहमतचाचा पाइप बंद करून वर बघू लागले. "कौन? उन्नती? उधर क्या कर रही है?"

"बाथरूममध्ये अडकलेय!"

"अंदर से बंद या बाहर से?"

"बाहर से! आक्काने कडी लावली."

चाचा हसले, पुढे जाऊन बेल वाजवून आले, परत मान वर केली. "तेरी आक्का तो सुनती नहीं. दिनेशभाई को फोन लगाता हूँ."

"चाचा, नको! पप्पांना नका सांगू!"

"तो खोलेगा कौन, बेटा? मैं दरवाजा तोडूँ?"

उन्नतीने बादलीकडे बघितलं. पप्पा आले की वास येणार, आणि बादलीकडे आधी बघणार. पण डोकं असं गरगरत होतं की भिंत धरावी लागत होती.

"लावा," ती म्हणाली. "फोन लावा."

पप्पा साखरपुड्याच्या फेट्यासकट आले. कडी काढली, वासाने मागे सरले, तिचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "काय पिलीस? काय केलंस? बोल गो!"

"काही नाही पप्पा. वार्निश आहे. नुसतं वार्निश."

मागून आक्का धापा टाकत आली. "मला काय ठाव, पोरगी आत हाय? मी आपली मांजर येल म्हणून…"

पप्पांची नजर फिरत फिरत बादलीवर थांबली.

"उचलू नका. अजून ओलाय."

त्यांनी उचलली. बादली आतून ओली होती. थेंब गळले होते, आणि कोंडलेल्या दमट हवेत वार्निश पांढरं फटक पडलं होतं. वाळूच्या रंगावर सगळीकडे पांढरे डाग. उन्नतीला ओरडावंसं वाटलं. पप्पा मात्र खाली बसले. त्यांनी फेटा काढून बाजूला ठेवला आणि ते चाकं बघू लागले, झाकणं बघू लागले, तोफेजवळचे ते तांदळाएवढे हूक बघू लागले.

"हे तू केलंस? या हातांनी?"

खाडीचं नावसुद्धा निघालं नाही. संध्याकाळी रणगाडा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, क्रिकेटच्या ढालींशेजारी जाऊन बसला. पप्पांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "आता तो सुरक्षित, तूपण सुरक्षित. रविवारी कुठे जायचं नाही. मामाला मी सांगतो काय ते."

रविवार गेला. घरी येईल त्याला पप्पा आधी कपाटासमोर उभं करत. एकदा बाळारामकाका आले, काचेला नाक लावून म्हणाले, "वा! आन् हा बर्फ कसा केलास गो?"

पप्पांची छाती फुगलेली. उन्नती एकदा त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तो बर्फ नाही काका. राजस्थानात बर्फ कुठून येणार? वार्निश फसलंय."

पप्पांचा चेहरा जरा उतरला. "मग नीट होत नाय काय?"

"होतं ना. अर्ध्या दिवसाचं काम. कुलूप काढा."

त्यांचा हात खिशाकडे गेला. क्षणभर तिला वाटलं, निघाली किल्ली. पण हात खिशावरच थापटला गेला. "दहावी होऊ दे. पळून चाललाय का तो?"

सगळे हसले. तीही थोडी हसली. मग खोलीत जाऊन तिने दार लोटलं, बीजगणित उघडलं आणि पेन दातांत धरलं. बाहेर पप्पा काचेवर बोट टेकवून बाळारामकाकांना तोफ कशी फिरते ते समजावत होते, आणि एकूण एक गोष्ट चुकीची सांगत होते.